'कुही'ची चार प्रश्नचिन्हं

आजचा भाग कॉपी-पेस्टच्या इतिहासावर आहे. हसू नका. वेबसाइट बनवणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी दोन ओळींवर उभा असतो. मीसुद्धा.

माझी सुरुवातच फजितीने झाली. कुहीतल्या एका ओळखीच्या मंडळासाठी वर्गणीदारांची यादी ऑनलाइन करून देत होतो. सव्वाशे नावं हाताने भरली. मधे तपासलं नाही, म्हटलं शेवटी एकदम पाहू. शेवटी पान उघडलं, तर गावाच्या रकान्यात 'कुही'ऐवजी चार प्रश्नचिन्हं. नावांचंही तेच! कोडिंग करणाऱ्या एका दादाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्याकडून एक ओळ आली आणि खाली, "हे टाक, होऊन जाते." टाकली. नवी नावं नीट यायला लागली, पण आधीची सव्वाशे काही परत आली नाहीत. काहून? ते दादालाही सांगता येईना. त्यालाही ती ओळ कोणीतरी अशीच पाठवली होती.

मग मी त्या ओळीचा माग काढला.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. नव्वदच्या दशकात मराठी फॉन्ट काय करायचे? आत आकडा रोमन अक्षराचाच ठेवायचे आणि त्यावर मराठी आकार चढवायचे. बरं, प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की स्क्रीनभर रोमन कचरा. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी मानक आलं. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना एका यादीत आणणारं युनिकोड आलं, आणि पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती.

पण आकडे साठवायचे कसे? सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका डायनरमध्ये जेवायला बसले होते. तिथे ताटाखालच्या कागदावर थॉम्पसननी यूटीएफ-८ची मांडणी केली. त्या हिशोबाने 'कुही' म्हणजे क, उकार, ह, ईकार अशी ४ चिन्हं. प्रत्येकाला ३ बाइट, एकूण १२.

यादी आली म्हणून मराठी लगेच दिसली नाही. विंडोज एक्सपी आठवतं? कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन भाषांच्या खिडकीत एक टिक करावी लागायची आणि वर विंडोजची सीडी मागितली जायची. कुठे टिक करायची, हे लोक एकमेकांना सांगायचे. मराठी स्क्रीनवर पोचली त्यात मोठ्या संस्थांचं काम आहेच, पण असल्या चिल्लर टिपांचंही आहे.

आता माझी चार प्रश्नचिन्हं. माझ्या जुन्या मायएसक्यूएलमध्ये टेबल 'लॅटिन-१' या पद्धतीचं होतं. ते तिथे आपोआप यायचं. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून ते बदललं. लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून डेटाबेसने प्रत्येक चिन्हाच्या जागी '?' लिहिलं. चार चिन्हं, चार प्रश्नचिन्हं. टोप्या-टिंबवाली विचित्र अक्षरं दिसली असती तर बहुतेक वेळा मूळ बाइट शाबूत असतात, वाचायची पद्धत बदलली की मराठी परत येते. प्रश्नचिन्ह मात्र खरोखरचं साठवलेलं असतं. मूळ नाव गेलं ते गेलंच. मी सव्वाशे घरी पुन्हा फोन केले.

दादाची ओळ बरोबर होती. तिच्यासोबत कारण आलं असतं, तर मी पहिल्या नावालाच थांबून पाहिलं असतं.

आता कुही तालुक्यातल्याच मांढळला चला. तिथे वाकाटक राजांचे चौथ्या-पाचव्या शतकातले ताम्रपट सापडलेत. वाकाटकांची दानपत्रं वाचली की आपलंच काम आठवतं. राजाची वंशावळ, गावाला दिलेल्या सवलती, दान मोडणाऱ्याला इशारा, हा साचा बराचसा ठरलेला. दान घेणारा आणि गाव तेवढं बदलायचं. पण अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकच्या ताम्रपटात शेवटी लिहिलंय, सेनापती चित्रवर्मा असताना, राज्यवर्ष १८. म्हणजे साचा उचललेला असला, तरी तो कधीचा आणि कोणाच्या अमलातला, हे पत्र्यावरच आहे.

आपल्या टिपांना हेच नसतं. एक्सपीची टिक आज निरुपयोगी आहे. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' वापरा, ही जुनी टीपही अर्धवटच. त्यात मराठी बसते, पण ४ बाइटची इमोजी बसत नाही. त्यासाठी 'यूटीएफ-८-एमबी-४' लागतं. जुन्या टिपेवर वर्ष नसलं, तर नव्या पोराला हे कळणार कसं?

म्हणून जाता जाता माझ्याकडूनही एक टीप, कारणासकट. मराठी पान बनवताना सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा म्हणून 'एमआर' लिहा. कारण, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, आणि स्क्रीन रीडरला मजकूर मराठी आहे हे कळतं. पुढे पाठवाल तेव्हा कारणही पाठवा, आणि खाली आजची तारीख टाका.

भेटू पुढच्या भागात!