नाताळ आणि ओवी

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला व पुढे मराठीत रुळला. त्या सणाच्या कथेला मात्र ओवीचा वेष लाभला, हे धर्मशिक्षकांनी स्मरावे असे आम्हांस वाटते.

इंग्लिश जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टीत दीर्घकाळ सेवारत राहिले. तेथील नवख्रिस्ती जनांची जुनी पुराणे सत्तेच्या बळावर बंद झाली होती, हे आपण ख्रिस्ती लोकांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ती पोकळी भरण्यास फादरांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या दुसऱ्या पुराणात प्रभुजन्माची कथा पुराणिकाच्या वाणीने सांगितली आहे.

१६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले : तीन वर्षांत लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पुराणे बंद करणारी सत्ता आता भाषेवरच उठली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या त्या जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी हाताने उतरविलेल्या पोथ्या तेवढ्या उरल्या. त्यांवरून १९०७ साली मंगळूर येथे तो ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध झाला.

गोव्यात नाताळच्या ताटातील नेवरी शेजारच्या घरी चतुर्थीलाही असते. सणाने शेजाऱ्याची चव स्वीकारली, तशी आपल्या प्रवचनाने त्याची भाषा स्वीकारली आहे काय? शब्द देही झाला, तो माणसांत वस्ती करण्यासाठी. यंदा गोठा उभारताना हा प्रश्न आपण स्वतःस विचारू या.