विधिव्यवस्थेची उत्क्रांती : बुलढाणा जिल्हा

विधिव्यवस्थेची उत्क्रांती : (बुलढाणा जिल्हा). कायदे, न्यायालये, वहिवाटी आणि त्यांचा आधार घेणारी माणसे यांच्या परस्परव्यवहारातून एखाद्या प्रदेशाची विधिव्यवस्था घडत व बदलत जाते. या घडणीकडे व्यामिश्रताशास्त्राच्या अंगाने पाहणे हा येथील विषय. असंख्य घटक एकमेकांना पाहून आपले वागणे बदलतात, तेव्हा कोणीही आधी न ठरवलेली रचना उभी राहते, हे या शास्त्राचे मूळ निरीक्षण. अमेरिकेत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सांता फे संस्थेत जॉन हॉलंड, ब्रायन आर्थर आदींनी ते पुढे नेले. आर्थर यांचा भर पूर्वपथाच्या बंधनावर होता : सुरुवातीची एखादी लहान निवड रुळली की पुढच्या वाटा तिच्याभोवतीच आखल्या जातात. १९९० च्या दशकात जे. बी. रूल या अमेरिकी कायदेपंडितांनी ही दृष्टी कायद्याला लावली. त्याआधी, १८६१ मध्ये, हेन्री मेन यांनी कायद्याचा विकास जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे होतो असा एकरेषीय सिद्धांत मांडला होता. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे विधी सदस्य झाले. वऱ्हाडचा, विशेषतः बुलढाण्याचा, अनुभव मात्र त्या सरळ रेषेत बसत नाही.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, पण त्यावरचे निजामाचे स्वामित्व कागदोपत्री कायम राहिले. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता. हा मुलूख कायद्याच्या भाषेत ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता. त्यामुळे कलकत्त्यात झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. तो वेगळ्या आदेशाने, गरजेनुसार फेरफार करून लावावा लागे. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ मध्ये कारभारापुरता मध्य प्रांताला जोडला गेला, तरी ही वेगळी चौकट टिकली. केंद्रीय कायदे सरसकट वऱ्हाडला लावण्यासाठी १९४१ मध्ये स्वतंत्र ‘बेरार लॉज ॲक्ट’ करावा लागला. जमीनधाऱ्यातही हेच दिसते. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या मोजणीपद्धतीवर आधारलेली रयतवारी (धारा थेट शेतकऱ्याकडून) होती, तर नागपूरकडे मालगुजारी (धारा गावच्या मालगुजारामार्फत). प्रांत एक, पण नागपूरला १९१७ चा महसूल कायदा आणि वऱ्हाडला १९२८ ची स्वतंत्र महसूल संहिता. दोन्हींच्या जागी एकच संहिता यायला १९५४ उजाडले.

अशा अधांतरी प्रदेशात कायद्याचा प्रयोग करणे सोपे होते, आणि तसा एक प्रयोग झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला अचानक मागणी आली. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. त्याचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. खामगाव कापसाची मोठी पेठ बनले. (ते तेव्हा अकोला जिल्ह्यात होते; खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके १९०५ च्या फेररचनेत बुलढाण्याकडे आले.) पेठ वाढली तसे तिचे अलिखित नियमही वाढले. भाव कापडाखाली बोटे धरून ठरे. त्याला हत्ता पद्धत म्हणत. अडत्या शेतकऱ्याचा माणूस म्हणून बोले आणि खरेदीदाराचेही हित सांभाळी. वजनातून कडता (घटीपोटीची सूट) जाई, पट्टीतून म्हणजे विक्रीच्या हिशेबातून धर्मादाय कापला जाई. हे नियम कोणा एकाने केलेले नव्हते. रोजच्या हजारो सौद्यांतून ते पक्के झाले होते. व्यामिश्रताशास्त्र ज्याला स्वयंरचना म्हणते, ती ही. मात्र स्वयंरचना न्याय्य असतेच असे नाही. गाडी उभी करून बसलेल्या शेतकऱ्याला परतीची घाई असे आणि तोलणाऱ्याला नसे, एवढ्या फरकावर ती रचना उभी होती.

यावर रेसिडेन्सीने १८८६ मध्ये कारंजा (आता वाशिम जिल्हा) येथे नियंत्रित कापूस बाजार स्थापला. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराची जागा जाहीर करणे, बाजार समिती नेमणे, दलाल व तोलणाऱ्यांना परवाने देणे ही त्याची मुख्य कलमे. भारतातील बाजार समिती कायद्यांचा हा पूर्वज होय. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावाने मिळावा हा त्यामागचा हेतू होता. कुणब्याचे कल्याण हा दुय्यम परिणाम. समितीतही व्यापाऱ्यांचेच वजन होते. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस वऱ्हाडच्या अनुभवाच्या आधारे केली, तेव्हा शेतकऱ्यांचे प्रतिनिधित्व अपुरे असल्याचेही नोंदवले. मुंबई (१९२७), हैदराबाद (१९३०), मद्रास (१९३३), पंजाब (१९३९) असा हा नमुना पसरत गेला आणि प्रत्येक प्रांतात तो थोडा बदलला. जातिविकासात जे फेर आणि निवड यांतून घडते, तसेच येथे नक्कल आणि दुरुस्ती यांतून घडले.

मध्य प्रांताने १९३२ मध्ये कापूस बाजाराचा आणि १९३५ मध्ये इतर शेतमालाचा कायदा केला. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा १९६७ मध्ये अमलात येईपर्यंत खामगाव, मलकापूर येथील सौद्यांवर जुन्या मध्य प्रांताचाच कायदा चालत होता.

नियम बदलला की ज्यांच्यासाठी तो आहे ती माणसेही बदलतात. त्याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे १९७१ च्या कायद्याने आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना. राज्यातला सगळा कापूस सरकारमार्फत घ्यायचा आणि शेतकऱ्याला हमीभाव द्यायचा, हा उद्देश उदात्त होता आणि अनेक हंगामांत योजनेने भाव सावरलाही. पण बाहेर भाव चढला की कापूस रातोरात शेजारच्या राज्यांत जाई, आणि योजनेचा भाव वरचढ झाला की बाहेरचा कापूस केंद्रांवर येऊन पडे. नाकी बसवली, तपासणी वाढवली. वाहतुकीने नव्या वाटा शोधल्या. तोटा साचत गेला आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीला वाट मोकळी झाली. व्यवस्थेच्या एका कोपऱ्यात घातलेला बंध दुसऱ्या कोपऱ्यात फुटतो, हे तीस वर्षांच्या अनुभवाने दाखवले. योजना आखणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. राज्याची सीमा कापसाला अडवते हे त्यांचे गृहीतक चुकले.

सीमांचा परिणाम कुळकायद्यात अधिक टिकाऊ ठरला. बुलढाण्याच्या पश्चिमेला जळगाव जिल्हा आहे. तेथे १९४८ चा मुंबई कुळकायदा लागू आहे आणि कसणाऱ्याकडे मालकी जाण्याचा ‘कृषक दिन’ १ एप्रिल १९५७. दक्षिणेला जालना, तेथे १९५० चा हैदराबादचा कायदा. बुलढाण्यात आधी वऱ्हाडपुरता १९५१ चा शेतपट्टेदारी कायदा होता, नंतर १९५८ चा विदर्भ प्रदेशाचा कुळकायदा आला. त्यातला मालकी हस्तांतरणाचा दिवस १ एप्रिल १९६१. एकच राज्य, एकच महसूल संहिता (१९६६), पण कुळाचा हक्क तीन कायद्यांत विभागलेला. बुलढाण्यातल्या देऊळगावराजाच्या शेतकऱ्याची सोयरीक जालन्याच्या बाजूला असेल, तर दोन्हीकडच्या जमिनींचे वाद दोन वेगळ्या कायद्यांखाली जातात. निजाम, मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत संपून दशके उलटली, तरी त्यांच्या सीमारेषा जमिनीच्या निकालपत्रांत जिवंत आहेत. पूर्वपथाचे बंधन ही संज्ञा येथे अमूर्त राहत नाही. तिन्ही कायदे एक करणे तत्त्वतः सोपे आहे. पण प्रत्येकाखाली दिलेली प्रमाणपत्रे, निवाडे आणि विक्रीखते एकत्र करणे कठीण आहे.

कायद्याला सजीव सृष्टीच्या भाषेत समजून घेण्याला एक ठळक मर्यादा आहे. सृष्टीत निवड करणारा कोणी नसतो, कायद्यात असतो. बाजार समितीत कोण बसणार हे आपोआप ठरत नाही. केंद्राचे २०२० चे तीन कृषी कायदे बाजार समितीच्या आवाराबाहेर मुक्त व्यापार आणू पाहत होते; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेने ते मागे घेतले. ते शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनामुळे, कोणत्याही प्रणालीच्या अंतर्गत गणितामुळे नव्हे. महाराष्ट्रातही १८९७ पासूनचा प्रतिनिधित्वाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. २०१७ च्या दुरुस्तीने किमान दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्यांना समितीच्या निवडणुकीत थेट मताचा हक्क मिळाला. २०२० मध्ये तो काढून घेतला गेला आणि मतदान पुन्हा ग्रामपंचायती व सेवा सहकारी सोसायट्यांच्या प्रतिनिधींकडे गेले.