उत्तरेची वने, टुंड्रा आणि अग्नी : प्रश्न क्षेत्राचा नव्हे, खोलीचा

अलास्काच्या उत्तर भागात, ब्रूक्स पर्वतरांगेच्या पलीकडे, अनाक्तुवुक नदीच्या खोऱ्यात १६ जुलै २००७ रोजी वीज कोसळली आणि झाडे नसलेल्या त्या ओसाड माळाने पेट घेतला. काही आठवडे ही आग नुसती धुमसत होती. सप्टेंबरातील कोरड्या हवेने ती भडकली आणि ऑक्टोबरच्या आरंभी हिमवर्षाव झाल्यावरच विझली. तोवर १,०३९ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या क्षेत्रफळाच्या पाव हिश्शाहून अधिक भूभाग जळून गेला होता. त्या परिसरातील तळ्यांच्या तळाशी थरावर थर साचलेला गाळ तपासण्यात आला, तेव्हा मागील सुमारे पाच हजार वर्षांत तेथे एवढी आग लागल्याचा पुरावा, म्हणजे कोळशाच्या कणांचा दाट थर, सापडला नाही.

याच पर्वतरांगेच्या दक्षिणेला मात्र आग ही नवलाची गोष्ट नाही. तेथील सूचिपर्णी वने हजारो वर्षांपासून साधारण शंभर वर्षांच्या अंतराने जळत आणि पुन्हा उगवत आली आहेत. एकाच प्रांतातील या दोन वनस्पतिसृष्टींचे अग्नीशी असलेले नाते असे भिन्न आहे. वाढत्या तापमानाने आता ही दोन्ही नाती बदलत आहेत. बातम्यांतून आपल्यापर्यंत पोहोचतो तो जळालेल्या क्षेत्राचा आकडा. जळाल्यानंतर तेथे काय उगवेल, हे मात्र बऱ्याच अंशी आग जमिनीत किती खोल गेली यावरून ठरते.

आगीच्या सोबतीने वाढलेले वन

अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि रशिया यांना वेढणाऱ्या उत्तरेकडील वनपट्ट्यास तैगा म्हणतात. जगातील एकूण वनक्षेत्रापैकी एक-चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र या पट्ट्यात मोडते. अलास्काच्या अंतर्भागात वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पर्जन्य होते. गोव्याच्या पावसाच्या ते सुमारे एक-दशांश आहे. हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो, उन्हाळ्यात तो ३० अंशांपर्यंत चढू शकतो आणि विजा कोसळतात. जळणाऱ्या क्षेत्रापैकी बहुतांश क्षेत्राला आग लावते ती वीजच.

या भूमीचे प्रमुख झाड म्हणजे काळा स्प्रूस. हे झाड बारीक आणि खुजे असते. त्याच्या खालच्या फांद्या जमिनीलगत लोंबत असल्याने जमिनीवरची आग शिडी चढावी तशी शेंड्यापर्यंत पोहोचते. शेंड्यावर शंकूंचा दाट झुबका असतो. या शंकूंची तोंडे राळेने बऱ्याच अंशी बंद असतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळते, शंकू उघडतात आणि पुढील काही वर्षे बी खाली पडत राहते. झाड मरते, पण आपल्या जागी आपलीच पिढी पेरून जाते.

या झाडांच्या पायाशी हरितेची, म्हणजे मॉसची, जाड गादी असते. पावसाळ्यात आपल्याकडे चिऱ्याच्या जुन्या भिंतींवर चढते, त्याच जातकुळीची ही वनस्पती होय. थंडीमुळे ती लवकर कुजत नाही. वर नवी वाढ आणि खाली अर्धवट कुजलेले अवशेष, असा हा थर अनेक ठिकाणी २० ते ३० सेंटिमीटर जाड होतो. तो उन्हाची ऊब खाली जाऊ देत नाही. त्यामुळे त्याखालील नित्यगोठित भूमी, जिला शास्त्रात पर्माफ्रॉस्ट म्हणतात, गोठलेलीच राहते. गोठलेल्या जमिनीतून पाणी झिरपत नाही, म्हणून वरचा थर ओला राहतो. आणि तो ओला असल्याने आग त्याच्या वरच्या काही सेंटिमीटरपलीकडे सहसा जात नाही. हे चक्र हजारो वर्षे टिकून होते.

थर खोलवर जळतो तेव्हा

आग उथळ असेल, तर मागे जाड आणि पृष्ठभागी चटकन कोरडा पडणारा थर उरतो. बर्च आणि अ‍ॅस्पेन या पानगळीच्या झाडांचे अतिसूक्ष्म बी त्यात मूळ धरू शकत नाही. स्प्रूसचे बी त्या मानाने मोठे असल्याने त्याचे रोप तग धरते. अशा रीतीने स्प्रूसच्या जागी पुन्हा स्प्रूस येतो.

उन्हाळा लांबला आणि थर खोलपर्यंत वाळला, तर मात्र आग तो थर जवळजवळ पूर्ण खाऊन खालची खनिज माती उघडी पाडते. या मातीत वाऱ्याबरोबर आलेले बर्च आणि अ‍ॅस्पेनचे बी सहज रुजते, झपाट्याने वाढते आणि स्प्रूसच्या रोपांना मागे टाकते. हिमालयातील ज्या झाडाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले, त्या भूर्जाच्याच कुळातला हा बर्च होय.

२००४ साली अलास्कात सुमारे २७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सातपटीहून अधिक क्षेत्र जळाले. तेथील नोंदींतील तो सर्वांत मोठा वणवा-हंगाम ठरला. त्यानंतर संशोधकांनी जळालेल्या जागांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले. जेथे थर खोलवर जळाला होता, तेथे स्प्रूसऐवजी पानगळीची झाडे प्रबळ झाल्याचे त्यांना आढळले. या पाहणीवर आधारित, मिशेल मॅक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पानगळीची वने वेगाने वाढत असल्याने, पुढची आग दीर्घकाळ लांबल्यास ती जळून गेलेल्या कार्बनची भरपाई करू शकतात, असा त्याचा आशय आहे. पानगळीची झाडे स्प्रूसपेक्षा कमी पेटतात. शिवाय हिवाळ्यात ती निष्पर्ण असल्याने खालचा बर्फ अधिक सूर्यप्रकाश परत फेकतो. या दृष्टीने हा बदल निव्वळ हानीचा नाही.

परंतु ही भरपाई आगीच्या अंतरावर अवलंबून आहे. काळ्या स्प्रूसला पुरेसे बी धरण्यास काही दशके लागतात. त्याआधीच तीच जागा पुन्हा जळाली, तर बी अपुरे पडते आणि आधीच पातळ झालेला थरही संपतो. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात २०१४ साली मोठे वणवे लागले. त्यानंतर मातीतील कार्बनचे वय मोजले असता, साठ वर्षांहून कमी वयाच्या अनेक वनांत मागील आगींतून वाचलेला जुना कार्बनही जळून गेल्याचे दिसले. पूर्वी प्रत्येक आगीनंतर थोडी शिल्लक राहत असे आणि ती साचत जाई. आता त्या पुंजीलाच हात लागला आहे.

टुंड्रातील बदल

टुंड्रात झाडे नाहीत. तेथे कापूसगवताचे झुपके, खुजी झुडपे, हरिता आणि शैवाक असतात. आपल्या मसाल्यातील दगडफूल हा शैवाकाचाच प्रकार होय. अनाक्तुवुकच्या आगीतून सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. कापूसगवताचे कोंब झुपक्यांच्या बुडाशी सुरक्षित असल्याने काही वर्षांतच माळ हिरवा दिसू लागला. वरून पाहणाऱ्यास सारे पूर्ववत झाल्यासारखे वाटावे.

जमिनीखाली मात्र वेगळेच घडत होते. काळवंडलेल्या पृष्ठभागाने अधिक उष्णता शोषली आणि संरक्षक थर पातळ झाल्याने ती खाली उतरली. मातीतील बर्फ वितळू लागला आणि जमीन जागोजागी खचली. आगीनंतर सात वर्षांनी हवाई मोजणी केली, तेव्हा जळालेल्या क्षेत्राच्या सुमारे एक-तृतीयांश भागात असे खचणे आढळले. अशा मोकळ्या आणि उबदार झालेल्या मातीत विलो, आल्डर यांसारखी उंच झुडपे शिरकाव करू शकतात. ती हिवाळ्यात बर्फ अडवतात. बर्फाची दुलई थंडी रोखते आणि जमीन आणखी उबदार राहते. शैवाक मात्र अतिशय संथ वाढतात; त्यांना पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात.

हा फरक केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही. कॅरिबू, म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडिअर, हिवाळ्यात मुख्यत्वे शैवाकावर जगतात आणि जळालेला प्रदेश दीर्घकाळ टाळतात. उलट मूस या मोठ्या हरणास आगीनंतर फुटणारी विलो-अ‍ॅस्पेनची कोवळी पालवी मानवते. शिकारीवर अवलंबून असलेल्या अथाबास्कन आणि इनुपियाट समाजांच्या दृष्टीने कोणती वनस्पती परत येते, हा घरातील अन्नाचा प्रश्न आहे.

वाढती ऊब, गोठलेला साठा

१९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. सायबेरियातील वर्खोयान्स्क येथे २० जून २०२० रोजी ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये याकुतियातील लार्च वनांच्या आगींचा धूर उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचला. २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले आणि यलोनाइफ हे सुमारे २०,००० वस्तीचे शहर रिकामे करावे लागले. काही आगी तर हिवाळाभर बर्फाखाली धुमसत राहून वसंतात पुन्हा वर येतात. अशा आगी एकूण जळालेल्या क्षेत्राचा अगदी लहान भाग आहेत. परंतु खोल जळालेल्या जागी आणि उष्ण उन्हाळ्यानंतर त्या अधिक आढळतात.

उत्तरेच्या नित्यगोठित भूमीत वातावरणात आहे त्याच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे. हरितेचा थर हे त्या साठ्याचे झाकण होय. वस्तीपासून दूरच्या आगी आपोआप विझू देण्याचे धोरण अलास्कात दीर्घकाळ होते आणि आगीवर पोसलेल्या वनासाठी ते योग्यही होते. मात्र २०२३ पासून युकॉन फ्लॅट्स राष्ट्रीय वन्यजीव क्षेत्राच्या काही भागात, गोठलेला कार्बन वाचावा एवढ्याचसाठी आगी विझवण्याचा प्रयोग सुरू झाला आहे.

गोव्याचा या विषयाशी एक थेट धागा आहे. आर्क्टिकमधील भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात कार्यरत आहे. त्याचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. स्वालबार्डची वृक्षहीन भूमीही याच टुंड्राचा भाग आहे.

उत्तरेकडील वणव्याची पुढची बातमी येईल, तेव्हा किती हेक्टर जळाले हे आपण वाचूच. जमीन किती खोल जळाली आणि मागील आगीला किती वर्षे झाली होती, हे दोन प्रश्न त्यासोबत विचारावेत. तेथे पुन्हा स्प्रूस उभा राहील, बर्च येईल की माती खचेल, याचे उत्तर त्यांतच आहे.