पंचगंगेवरील पहारा

पातळी जाणणे, ती ठरल्या मर्यादेशी ताडून पाहणे आणि तत्क्षणी कृती करणे, हे जे काम आज नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरवर सोपविले जाते, ते करवीरच्या मुलखात विजेवाचून पार पाडणारी यंत्रणा कित्येक दशके उभी आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०७ साली भोगावती नदीवर धरण बांधण्याचा निश्चय केला. पुढे दीर्घकाळ रखडून स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेलेल्या त्या राधानगरी धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि जलाशय काठोकाठ भरला की ते कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता पाण्याच्याच दाबाने उघडतात. अशा दरवाजांचा पायंडा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली खडकवासल्यास घातला होता.

परंतु या यंत्रणेस आपल्या जलाशयापलीकडचे काहीच कळत नाही. कासारी, कुंभी व तुळशी या नद्या त्याच वेळी दुथडी भरून वाहत आहेत किंवा कसे, याची दखल न घेता दरवाजा उघडतो. आणि प्रयाग चिखलीच्या संगमापुढे पंचगंगेवरील कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी व ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली गेली की परिणाम साऱ्या कोल्हापूर शहरास भोगावे लागतात. २०१९ च्या महापुरात तेथील पाणी ५५ फुटांवर गेले, तेव्हा एकेका ठिकाणच्या जाणिवेची ही मर्यादा भयंकर रूपाने प्रत्ययास आली.

ती उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य मायक्रोकंट्रोलरमध्ये आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७४ साली गणक, स्मृती व बाह्य जगाशी जोडणारी द्वारे एकाच चकतीवर आणून ती बाजारात ठेवली. १९८० साली इंटेलची ८०५१ आली. आणि पुढील पिढ्यांनी अल्पशा विजेवर तग धरण्याची विद्या आत्मसात केली. पर्जन्यमापकातील लहानशी वाटी भरून कलंडली की चुंबकाने कळ मिटते, निद्रिस्त चकती जागी होते, नोंद करते व पुन्हा निजते; म्हणूनच लहान सौरपट्टी व बॅटरी यांच्या बळावर घाटमाथ्यावरील निर्जन केंद्रही पावसाळाभर पहारा करू शकते. राज्याच्या जलसंपदा विभागाने जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा व भीमा खोऱ्यांत अशा स्वयंचलित केंद्रांचे जाळे विणले, आणि दूरदूरच्या नोंदी एकत्र पाहून पुराचा अदमास बांधण्याची तजवीज झाली.

मात्र ३९ फुटांवर सावध व्हावे व ४३ फुटांवर धोका मानावा, हे माणसांनीच ठरविले. यंत्र त्या निर्णयाचे केवळ इमानाने पालन करते, आणि तेही त्याची निगा राखली तरच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे पाणी अडविणारे बर्गे मृगाच्या सरींपूर्वी काढण्याचा आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा बसविण्याचा शिरस्ता या जिल्ह्यास ठाऊक आहे. तोच शिरस्ता पर्जन्यमापकाचे नरसाळे साफ करण्यास आणि बॅटरी तपासण्यास लागू झाला पाहिजे. अन्यथा अतिवृष्टीच्या रात्री आलेला चुकीचा आकडा काहीच न कळण्याहून अधिक घातक ठरेल.