पर्ल भाषेचा आद्य चाचणीसंच : एक भाषाशास्त्रीय टिपण

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचणीचा इतिहास सांगताना केंट बेक यांनी १९९४ साली विवरण केलेली स्मॉलटॉक भाषेतील ‘एसयुनिट’ आणि बेक व एरिक गॅमा यांनी १९९७ साली जावा भाषेसाठी रचलेली ‘जेयुनिट’ या चौकटींपासून आरंभ करण्याचा प्रघात पडला आहे. या चौकटींचे महत्त्व वादातीत आहे. तथापि त्यांच्या पूर्वीचा एक साधा प्रयत्न भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल या संगणकभाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यासमवेत दिलेला चाचणीसंच हा तो प्रयत्न होय.

वॉल हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेसाठी लेखनपद्धती सिद्ध करावी, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा मूळ संकल्प होता. प्रकृतीच्या कारणास्तव तो तडीस गेला नाही. येथे कार्यकारणसंबंध जोडण्याचा हेतू नाही. दोन शास्त्रांच्या रीतींतील साम्य तेवढे दाखवावयाचे आहे.

पर्लची मूळ संहिता ज्याच्या हाती पडे, त्याने ती आपल्या यंत्रावर स्वतः सिद्ध करून घ्यावयाची होती. यंत्रे भिन्न, त्यांच्या कार्यप्रणाली भिन्न. एकाच्या यंत्रावर बरोबर चालणारी भाषा दुसऱ्याच्या यंत्रावर तशीच चालेल याची हमी कोण देणार? म्हणून चाचण्याही संहितेबरोबरच पाठविल्या गेल्या. परीक्षेचे साधन कर्त्याच्या घरी न ठेवता ते ग्राहकाच्या हाती देणे, हे या योजनेचे पहिले वैशिष्ट्य.

दुसरे वैशिष्ट्य निकालाच्या भाषेत आहे. प्रत्येक चाचणीपत्र प्रथम आपण किती प्रश्न विचारणार ते सांगते, उदाहरणार्थ ‘१..२’. नंतर प्रत्येक प्रश्नास क्रमांकासह ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ एवढेच उत्तर येते. पहारेकरी आज्ञावली ही उत्तरे क्रमाने मोजते. आज्ञावली मध्येच कोसळली, तर उत्तरे कमी भरतात आणि दोष उघड होतो. संख्या आधी सांगितली नसती, तर मौन हे यश समजले गेले असते. भाषकाचे मौन म्हणजे संमती नव्हे, हे क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

जुन्या चाचण्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा का चालवाव्या, हे मराठीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्यास ‘ने’ लागतो, असा नियम आपण केला. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य त्यात बसते. परंतु ‘मी आंबा खाल्ला’ हे शुद्ध वाक्य बसत नाही. म्हणून आपण सर्व सर्वनामे नियमातून वगळली. आता ‘मी’ची अडचण मिटली, पण ‘त्याने आंबा खाल्ला’ हे वाक्य, जे पूर्वी बरोबर ठरत होते, तेच अशुद्ध ठरू लागले. दुरुस्तीने नवा दोष निर्माण केला. जो केवळ नवे उदाहरण तपासतो, त्यास हा दोष दिसणार नाही. जो जुनी सर्व उदाहरणे पुन्हा तपासतो, त्यासच तो दिसेल.

तिसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. पर्लच्या चाचण्या पर्लमध्येच लिहिलेल्या, आणि त्या चालविणारी आज्ञावलीही पर्लमध्येच. मग ज्या भाषेची परीक्षा घ्यावयाची, तिच्यावरच परीक्षेचा भार कसा टाकावा? यावरील उपाय म्हणजे चाचण्यांची उतरंड. सर्वांच्या तळाशी ‘बेस’ नावाचा गट होता. ‘जर’चा अर्थ भाषेस कळतो काय, शब्दांचे पृथक्करण होते काय, एवढेच तो विचारी. या गटातील एकही चाचणी फसली, तर पुढे जाणे निरर्थक म्हणून सर्व काम तेथेच थांबे. इतर गटांत एखादी चाचणी फसली तरी बाकीच्या चालू राहत.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९६९ साली रोम येथील परिषदेत डाइक्स्ट्रा यांनी बजावले होते की, चाचणीने दोषांचे अस्तित्व सिद्ध होते, अभाव नव्हे. वरील नियम आपण प्रथम व द्वितीय पुरुषापुरता सुधारला आणि सर्व उदाहरणे उत्तीर्ण झाली, तरी ‘राम धडा शिकला’ हे वाक्य बाहेरच उभे असते; ‘शिकणे’ हे क्रियापद आपण तपासलेच नव्हते. चाचणीसंच हा भाषेचा संपूर्ण आरसा नसून आपल्या आजवरच्या प्रश्नांची नोंदवही आहे.

असे असूनही ती साधी उत्तरपद्धती टिकली. पुढे तिला ‘टेस्ट एनीथिंग प्रोटोकॉल’ हे नाव मिळाले, ती पर्लपुरती राहिली नाही, आणि ‘गिट’सारख्या प्रकल्पांच्या चाचण्याही त्याच धाटणीची उत्तरे देतात. तिच्या टिकण्याचे कारण आमच्या मते असे की, तीत माणसास वाचता येईल व यंत्रास मोजता येईल इतकेच व्याकरण आहे. आपल्या व्याकरणग्रंथांतील नियमांनाही अशी शुद्ध-अशुद्ध उदाहरणांची, पुन्हा पुन्हा तपासता येणारी नोंदवही जोडली गेली, तर कोणती दुरुस्ती कोठे बाधली हे पुढील पिढीस शोधत बसावे लागणार नाही.