एक निरोप्या आणि अनेक पेढ्या

पेशवाईत पुण्याच्या सावकाराला काशीस पैसा पोचवायचा असला, म्हणजे तो नाण्यांच्या थैल्या लादून पाठवीत नसे. हुंडी लिहीत असे. पैसा बहुधा जागच्या जागी राही, प्रवास करी तो निरोप. ती हुंडी सकारली जाई पेढ्यांच्या परस्पर ओळखीवर. पेढ्या थोड्या असतात तोवर हे ठीक चालते. पण एकमेकांशी बोलू पाहणारे शेकड्यांनी वाढले, म्हणजे काय करावे? या प्रश्नाला विसाव्या शतकाने दिलेले एक उत्तर आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

१९७० च्या सुमारास देशोदेशींच्या बँका टेलेक्सवरून निरोप पाठवीत. मजकूर मोकळा लिहिलेला असे. त्याचा खरेपणा सांकेतिक आकड्यांनी पडताळावा लागे, आणि आलेला निरोप कारकुनाला पुन्हा उतरून घ्यावा लागे. बँकांत संगणक आले होते खरे. परंतु एकीच्या संगणकाला दुसरीच्या संगणकाची बोली कळत नव्हती.

१९७३ साली १५ देशांतील २३९ बँकांनी ब्रुसेल्स येथे एक सहकारी संस्था काढली. तिचे नाव 'स्विफ्ट'. तिच्यामागचे गणित साधे आहे. २३९ बँकांनी जोडीजोडीने स्वतंत्र व्यवस्था लावायची म्हटली, तर २८,४४१ व्यवस्था लागतील. सर्वांनी एका मध्यवर्ती ठाण्याशी नाते जोडले, तर २३९ पुरतात. १९७७ साली हे ठाणे प्रत्यक्ष कामास लागले.

परंतु खरे महत्त्व तारेपेक्षा नमुन्याला आहे. निरोपाचे ठराविक रकाने आखले गेले: रक्कम कोठे, तारीख कोठे, पैसे कोणास द्यावयाचे ते कोठे. प्रत्येक बँकेला आठ किंवा अकरा अक्षरांचा संकेत मिळाला. निरोप नमुन्याबरहुकूम आहे की नाही हे ठाणे पाही, त्याची नोंद ठेवी आणि पुढे धाडी. घेणारा झोपलेला असला तर निरोप वाट पाही. एखाद्या बँकेने आपले यंत्र बदलले, तरी इतरांना त्याची दखल घेण्याचे कारण उरले नाही. यंत्रे निरनिराळी, चिठ्ठी मात्र एक, हेच या व्यवस्थेचे मर्म होय.

तथापि या सोयीच्या दोन बाजू ध्यानात ठेवल्या पाहिजेत. ठाणे रकाने तपासते, मनातील हेतू तपासत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरकाव केला आणि न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे अगदी रीतसर निरोप धाडले. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला गेले. टपालवाल्याने पाकीट बिनचूक पोचवले. सही तेवढी चोराची होती.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. मार्च २०१२ मध्ये युरोपीय संघाच्या निर्णयाने इराणच्या अनेक बँका, व २०२२ मध्ये रशियाच्या काही बँका या ठाण्यातून तोडल्या गेल्या. तोडला तो केवळ निरोपाचा मार्ग. तेवढ्यानेही एका देशाचा परदेशी व्यापार अडखळला. जोडीजोडीच्या व्यवहारात सावकाराची वाचा एका हुकमाने बंद करणे सोपे नव्हते. मध्य निर्माण झाला, तेव्हाच दरवाजाही निर्माण झाला.

आमच्याकडेही हा विचार झालेला दिसतो. देशांतर्गत बँकांच्या निरोपांसाठी २००१ साली हैदराबादच्या संस्थेने वेगळी व्यवस्था उभी केली. ती संस्था रिझर्व्ह बँकेनेच स्थापिलेली. पुढे २०१६ साली मुंबईच्या राष्ट्रीय पेमेंट्स निगमाने 'यूपीआय' आणले. आज भाजीवालीला फोनवरून दहा रुपये देताना आपला निरोप अशाच एका मध्यातून जातो. तो मध्य घटकाभर थांबला, तर मंडईही थबकते.

म्हणून मध्य असावा की नसावा, हा प्रश्न आता उरलेला नाही. इतक्या पेढ्यांना त्यावाचून चालणार नाही. दरवाजाची किल्ली कोणाच्या हाती, आणि तो कोणाला जाब देतो, हे मात्र नागरिकांनी विचारीत राहिले पाहिजे.