बांध, उघाडी आणि पट्टा : मिरे–भाईंदरच्या खारभूमीचा इतिहास

साष्टी बेटाच्या वायव्य टोकाशी, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर जो प्रदेश आज मिरा-भाईंदर या महानगरपालिकेच्या नावाने ओळखला जातो, त्याचा सखल भाग मूळचा जमीन नव्हेच. तो भरतीच्या पाण्यापासून सोडवून घेतलेला आहे. त्याच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस मनोरी–गोराईची खाडी आणि पूर्वेस डोंगर आहे. उत्तन–डोंगरीचा उंचवटा पूर्वी धारावी बेट म्हणून वेगळा गणला जात असे, आणि चिमाजी आप्पाच्या वसईच्या मोहिमेच्या वृत्तांतात त्याचे नाव येते ते याच रूपाने. हे बेट आणि भाईंदर यांच्या दरम्यान राई, मुर्धे, मोर्वे ही गावे वसली. त्यांच्या भोवतालची भातखाचरे व मिठागरे ही सगळी बांधांच्या आश्रयाने उभी राहिलेली सृष्टी होय.

समुद्राची पातळी वाढत असता आणि अतिवृष्टीचे प्रसंग तीव्र होत असता पूल, रस्ते, गटारे व भिंती टिकाऊ कशा कराव्या, याची चर्चा आज सर्वत्र चालू आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, असा हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाचा निष्कर्ष आहे. चर्चेचा रोख बहुधा नव्या द्रव्यांकडे आणि नव्या आराखड्यांकडे असतो. मिरे–भाईंदरचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. येथील मातीचे बांध टिकले ते मातीच्या बळावर नव्हे, तर ते राखण्याचे काम कोणाचे आणि त्याचा मोबदला कोणत्या उत्पन्नातून, हे ठरलेले असे म्हणून. आणि हा ठराव सुटला तेव्हा बांधांचीही उपेक्षा झाली.

खारभूमीची रचना दिसावयास साधी, परंतु हिशेबाची असते. बाहेरचा मोठा बांध उधाणाचे पाणी अडवितो. त्याच्या पुढ्यात तिवरांची झाडी असली तर लाटांचा मार आधीच मोडतो आणि गाळ धरला जातो. बांधाला जागोजाग उघाडी असते. तिची झडप ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते व भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. भरती साधारणतः दर १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणजे दिवसातून दोनदा काही तास असे असतात की पावसाचे पाणी खाडीत जाऊच शकत नाही. त्या वेळेपुरते त्याला आतच थांबावे लागते. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० घनमीटर पाणी होते. खाचराची वरंब ३० सेंटिमीटर उंच असेल, तर तेवढ्याच हेक्टरात ३,००० घनमीटर पाणी राहू शकते. खाचर व मिठागर हे अशा रीतीने पिकाचे साधन होतेच, पण उघाडी मिटलेली असताना पाणी सांभाळणारे भांडेही होते. या दुसऱ्या कामाची नोंद महसुलाच्या कोणत्याही दप्तरात झाली नाही, कारण त्यावर सारा बसत नव्हता.

१८८२ मध्ये मुंबई गॅझेटियरच्या मालेत ठाणे जिल्ह्याचे जे खंड निघाले, त्यांत साष्टीतील शिलोत्री वहिवाटीचे वर्णन आहे. शिलोत्री म्हणजे समुद्रापासून बांध घालून मिळविलेल्या जमिनीची वहिवाट. बाहेरचा बांध शिलोत्रीदाराने राखावा आणि त्याबद्दल कुळांनी सरकारी साऱ्याखेरीज ‘शिलोत्री मण’ म्हणून भात त्याला द्यावे, असा व्यवहार होता. मुसलमानी, पोर्तुगीज, मराठी व इंग्रजी अशा राजवटी साष्टीवरून गेल्या. वसईच्या तहाने १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतल्यावर तो त्यांच्या हाती आला. साऱ्याचे मानकरी बदलत गेले, तरी बांधाचे भात वेगळे काढण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकापर्यंत जिवंत होती. सारा हा राज्याचा, तर मण हा बांधाचा, असा भेद त्यात गृहीत होता. आणि आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर देखभालीचा निधी उत्पन्नाच्या उगमाशीच तोडून ठेवलेला होता.

शब्दांचा विचारही येथे उपयोगी पडतो. ‘खार’ हा संस्कृत ‘क्षार’ शब्दापासून आलेला आहे. ‘आगर’ या शब्दाचा संबंध ‘आकर’ म्हणजे खाण या शब्दाशी जोडला जातो, आणि कोकणात तो मिठागराला व नारळी-पोफळीच्या बागेला सारखाच लागतो; दोन्ही ठिकाणी कल्पना एकच, जपून ठेवलेल्या ठरावीक जागेतून वर्षानुवर्षे उत्पन्न निघण्याची. रायगडच्या खारेपाटात बाहेरच्या बांधाला ‘बाहेरकाठा’ म्हणतात, तर फुटलेल्या जागेला ‘खांड’. विशेष लक्षणीय आहेत ती क्रियापदे. जुन्या वापरात बांध ‘घातला’ जातो आणि पुढे तो ‘राखला’ जातो. ही दोन कामे भाषेत स्पष्टपणे वेगळी आहेत, आणि ‘राखणे’ या क्रियापदाला राखणारा कर्ता लागतोच. अर्वाचीन सरकारी मराठीत ‘बांधकाम’ आणि ‘देखभाल व दुरुस्ती’ अशी नामे आली. ती अंदाजपत्रकाच्या शीर्षकासाठी सोयीची आहेत, परंतु त्यांतून कर्ता गळून गेलेला आहे. हा केवळ शैलीचा दोष मानता येणार नाही.

या प्रदेशाच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त कागद १८७० चा आहे. त्या वर्षी सरकारने मिरे, भाईंदर व घोडबंदर येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालावे व राखावे, आणि त्या बदल्यात कुळांकडून पिकाचा तिसरा हिस्सा घ्यावा, असा त्यातील व्यवहार. शिलोत्री मणाचेच हे कायदेशीर पोशाखातले रूप म्हणावयास हरकत नाही; मात्र एक फरक मोठा होता. मण हा बांधाच्या खर्चाचा अंश होता, तर तिसरा हिस्सा ही मालकीचा भास उत्पन्न करणारी मिळकत होती. पट्ट्याचे हक्क पुढे एका खासगी कंपनीकडे गेले, आणि त्यांवरील वाद आजच्या पिढीपर्यंत चालत आले. या दीर्घ वादात ९९९ या आकड्याची चर्चा पुष्कळ झाली. बांध राखण्याच्या अटीची आठवण क्वचितच झाली. हक्क वारसाने उतरतात, कर्तव्ये उतरत नाहीत, असा काहीसा विचित्र न्याय येथे घडलेला दिसतो.

पट्ट्याच्या आधी काही वर्षे दुसरा एक मोठा बांध या भूमीवर पडला होता, पण त्याला कोणी बांध म्हटले नाही. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये उत्तरेकडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आला. भाईंदर व नायगाव यांच्या दरम्यान पाणजू बेटावर टेकून त्याने वसईची खाडी ओलांडली. दक्षिणेस तो सखल भूमीवरून भराव घालून नेण्यात आला. रेल्वेमुळे भाईंदरच्या मिठाला बाजार मिळाला आणि गावाला महत्त्व आले, हे निर्विवाद आहे. तथापि डोंगराकडून खाडीकडे व समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत भराव आडवा पडला, आणि पाण्याला मोऱ्यांतूनच वाट उरली. मोरीचा आकार एकदा ठरला की तो पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, आणि वरच्या अंगाचे पाणी मात्र वस्तीबरोबर वाढत जाते. पूर्व व पश्चिम हा आजच्या शहराचा भेद याच भरावाने पाडला.

स्वातंत्र्यानंतर कर्तव्याचा हा प्रश्न कायद्याने हाती घेतला. मुंबई राज्याने १९४८ मध्ये खार जमिनींविषयीचा कायदा केला व त्यासाठी मंडळ नेमले. महाराष्ट्राने १९७९ मध्ये त्याच्या जागी नवा खारभूमी विकास कायदा केला. खोती नाहीशी झाली आणि कुळांना जमिनीचे हक्क मिळाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु या कायद्यांची सारी दृष्टी शेतीकडे होती. जमीन लागवडीखाली आहे तोवर बांध हा शासनाच्या आस्थेचा विषय; लागवड सुटली की त्या बांधामागे राहणाऱ्यांचे काय, याचे उत्तर त्या चौकटीत बसत नव्हते. मिरे–भाईंदरला नेमका हाच प्रसंग आला. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. खाचरे भरावाने बुजली. वरंब गेली, तिच्याबरोबर पाणी थांबण्याची जागाही गेली, आणि राखणाराही गेला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली, आणि पर्जन्यजलाच्या निचऱ्याचा विचार मुंबईच्या परिसरात व्यापक पातळीवर झाला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस अंतरिम मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निर्णयाने त्यांच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिले. जुन्या खारकऱ्याला बांधापुढची झाडी बांधाचाच भाग वाटे. दीड शतकानंतर न्यायालयाच्या भाषेत ही जाणीव परत आली. मात्र तिवर वाचविणे आणि उघाडी राखणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्याला मनाई पुरते, दुसऱ्याला माणूस लागतो.

उत्पन्नाशी जोडलेले कर्तव्य हाच सर्व प्रश्नांवरचा उपाय, असे मात्र समजू नये. गोव्यातील खाजणांचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे उघाडीला ‘मानस’ म्हणतात. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने द्यावा व त्या पैशातून बांध राखावे, ही तेथली जुनी रीत. पूर्वी हे काम गावकरीकडे होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघांकडे आले. पुढे मासळीचे मोल भातापेक्षा वाढले, तेव्हा काही ठिकाणी लिलाव घेणाऱ्यांनी खारे पाणी आत राहू देण्यातच आपला लाभ पाहिला. शेती नासली आणि बांधही झिजले. उत्पन्न बांधाचे आणि देखरेख गावाची, हे दोन्ही धागे एकत्र असतील तोवरच ती रीत चालली.

आज मिरे–भाईंदरमध्ये मोठी कामे उभी राहत आहेत. दहिसरहून भाईंदरकडे येणारा नियोजित जोडरस्ता मिठागरांच्या पट्ट्यातून जातो, आणि तो भरावावरून न नेता खांबांवरून नेण्याची योजना आहे. १८६४ च्या भरावाशी तुलना करता हा निश्चितच शहाणपणाचा पालट आहे, कारण खांबांच्या मधून भरतीला आणि पावसाच्या पाण्याला वाट राहते. परंतु खांबांची रचना पाण्याला मोकळी जागा आहे असे धरूनच सार्थ होते. रस्त्याला उतार कोठे जोडले जातील, त्या उतारांच्या दोन्ही अंगांची मिठागरे मिठागरेच राहतील की भरावाखाली जातील, आणि त्यांच्या बाहेरच्या बांधांवरील उघाड्या पावसाळ्यापूर्वी कोण तपासील, हे प्रश्न पुलाच्या आराखड्यात येत नाहीत. १८७० च्या पट्ट्यात त्यांपैकी निदान शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, एका माणसाच्या नावासकट, लिहिलेले होते.